मास्तरांच्या हातून पडणारा

सीटवाला पडायचा फार सुंदर. वाक्य विचित्र वाटेल, पण ज्यांनी त्याला पडताना पाहिलंय ते हेच सांगतील. पन्नाशी ओलांडलेली, पोट सुटलेलं, सुईत दोरा ओवायला चष्मा लागायचा. पण ज्युदोच्या हॉलमध्ये मास्तरांनी बाही धरून ओढलं की हा गडी हवेत असा काही वळायचा की बघणाऱ्याचा श्वास अडकायचा. मग त्याचा पसरलेला हात मॅटवर थाडकन आपटायचा, आणि खालच्या टायरच्या गोदामातला पहारेकरी आपला चहाचा कप उचलून धरायचा. पुढच्या आवाजाला तो हिंदकळणार हे त्याला अनुभवानं माहीत झालं होतं.

सीटवाल्याचं दुकान त्याच रस्त्याच्या वळणावर. बसच्या, ट्रकच्या सीटा आणि दवाखान्यातल्या बाकड्यांच्या गाद्या शिवून द्यायच्या, हा धंदा. पायात कायम फोमचे तुकडे, नाकात रेक्झिनचा वास. हॉलमधल्या सगळ्या मॅटही त्यानंच भरलेल्या. कुठली मॅट मधे खचलीय आणि कुठलीची शिवण उसवायला आलीय, हे त्याला पाठीनंच कळायचं. नाव होतं त्याला, नाही असं नाही, पण ते कोणी वापरत नसे. बायकोसुद्धा फोनवर "सीटवाल्यांच्या घरून बोलतेय" म्हणायची.

ही बायको तोंडाची तिखट. कव्हरं शिवायला मशीनवर तीच बसायची आणि मशीनच्या वरताण तिचं तोंड चालायचं.

"घरात दहा हाका मारल्या तरी उठत नाही तुम्ही," ती म्हणायची, "आणि तिकडे म्हाताऱ्यानं नुसतं बोट लावलं की आडवे! एक दिवस मी पण पट्टा बांधून येते. बघू माझ्यापुढे कसे पडता ते."

"तुझ्यापुढे लग्नापासून आडवाच आहे," तो म्हणायचा.

दोघंही हसायची. पण सीटवाल्याचं हसू आधी थांबायचं. कारण 'नुसतं बोट लावलं की' हे बायकोनं गमतीत म्हटलं होतं, आणि ते जवळजवळ खरं होतं.

मास्तर कोण होते ते सांगायला हवं. सत्तरी पार केलेला, शिडशिडीत, मिशा नसलेला, कान वाकडे झालेला माणूस. एका कारखान्यात हजेरी घेणारा कारकून म्हणून नोकरी केली आणि संध्याकाळी उभा जन्म ज्युदो शिकवला. रागीट होते. गाणं वाईट म्हणायचे आणि तरी म्हणायचे. सिगारेट सोडली म्हणून सांगायचे आणि जिन्याखाली ओढायचे. सीटवाला त्यांच्याकडे आला तो विशीच्या आत, बस स्टँडवर मार खाऊन. त्याला मारायला शिकायचं होतं. मास्तरांनी त्याला पहिल्यांदा शिकवलं ते पडायला, आणि कितीतरी दिवस दुसरं काही शिकवलंच नाही.

"मला पडायला कशाला शिकवता?" त्यानं एकदा वैतागून विचारलं होतं. "पडायला काय, कुणालाही येतं."

"कुणालाही येतं ते आपटायला," मास्तर म्हणाले. "हनुवटी छातीला लाव. पुन्हा."

आणि वर्ग सुटताना मास्तरांची एक रीत होती. सगळ्यांनी रांगेत यायचं आणि एकेकानं मास्तरांना पाडायचं. अगदी कालपरवा पट्टा बांधलेल्यानंसुद्धा. कुणी वेडंवाकडं पाडायचं, कुणी मास्तरांच्या पायात पाय अडकवून दोघंही गडगडायचे. मास्तर उठायचे, जाकीट नीट करायचे आणि म्हणायचे, "तोल काढला नाहीस. उचलाउचली केलीस. पुढचा." हॉलमध्ये तेव्हा एक फोटो होता: मास्तर हवेत उलटे, पाय आढ्याकडे, तोंड उघडं, आणि त्यांना पाडणारा तरुण सीटवाला इतका घाबरलेला की पडणारा कोण तेच कळू नये.

ही रीत बंद केली सीटवाल्यानं. मास्तर नोकरीतून निवृत्त झाले त्या दिवशी त्यानं सगळ्यांना उभं करून सांगितलं, "आजपासून मास्तरांना कोणी पाडायचं नाही. आपल्याला काही वाटायला पाहिजे." सगळ्यांना एकदम काहीतरी वाटायला लागलं. मास्तर म्हणाले, "अरे, मला सवय राहिली पाहिजे." पण ते हसत म्हणाले, दोनदा म्हणाले आणि मग म्हणायचे थांबले. माणसाला मान मिळाला की तो परत करायला हात जड होतो, मग ते मास्तर का असेनात. तो फोटोही सीटवाल्यानंच खाली काढला. नव्या लोकांनी मास्तरांना असं उलटं बघणं त्याला बरं दिसेना. दुकानात नेऊन रेक्झिनच्या गुंडाळ्यांमागे ठेवला आणि त्या जागी मोठा, नवा फोटो लावला. त्यात हवेत होता तो स्वतः, आणि मास्तर खाली देवासारखे स्थिर उभे.

गॅरेजच्या गोष्टीचंही तसंच. कधीकाळी एका गॅरेजमध्ये मास्तरांची काही गुंडांशी झटापट झाली होती. सीटवाला ही गोष्ट प्रत्येक नव्या माणसाला सांगायचा, आणि दर वर्षी एखादा गुंड वाढायचा. एकदा मास्तर ऐकत होते. म्हणाले, "दोघंच होते रे. एकजण खाली सांडलेल्या ऑइलवरून घसरला. दुसऱ्याला बघून मी पळालो." हॉल हसला. बाहेर पडताना जो तो म्हणत होता, "बघा, एवढं करून किती साधा माणूस!" खरं बोलायची सोयच राहिली नव्हती मास्तरांना. जे बोलतील ते त्यांच्या मोठेपणात जमा व्हायचं.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. ज्युदोत माणूस ताकदीनं पडत नाही. आधी बाही ओढून त्याचा तोल काढायचा, तो बोटांवर आला की मग कमरेवरून फिरवायचा. एका संध्याकाळी मास्तरांनी नेहमीसारखी सीटवाल्याची बाही धरली, ओढली, आणि तोल गेलाच नाही. सीटवाला दोन्ही टाचा मॅटला टेकवून उभा होता. मास्तरांच्या उजव्या हाताची बोटं त्याच्या बाहीवर थरथरत होती, कापडातून कळत होतं. क्षणभराचा प्रश्न होता. समोर तीस-चाळीस माणसं बसलेली. सीटवाल्यानं स्वतःच टाचा उचलल्या आणि पडला. नेहमीपेक्षा उंच गेला, नेहमीपेक्षा जोरात हात आपटला. टाळ्या झाल्या. मास्तर आपल्या हाताकडे बघत राहिले, जसं एखाद्याला हरवलेली किल्ली आपल्याच खिशात सापडावी.

त्या दिवसापासून तो पडतच राहिला. आणि एवढ्यावर थांबला असता तरी एक वेळ चाललं असतं, पण हा शहाणा! नव्यांना मॅटवर घ्यायच्या आधी कोपऱ्यात नेऊन सांगायचा, "मास्तरांचा हात लागला की पडायचं. ताठ राहायचं नाही. आदर असतो तो." लोकही ऐकायचे. वर्षं गेली. हॉलमध्ये मास्तर लहानसा हात फिरवायचे आणि धडधाकट माणसं पालापाचोळ्यासारखी उडायची. बाहेरगावाहून लोक बघायला यायला लागले. अशा माणसाचा पट्टशिष्य म्हणून सीटवाल्यालाही चार लोक वाकून बोलायचे, आणि त्याला ते आवडायचं. हे त्यानं कधी स्वतःशी कबूल केलं नव्हतं. मास्तर मोठे राहिले तरच तो मोठा होता.

एका दिवशी बसच्या सीटांचं काम अडलं आणि त्याला हॉलवर जायला उशीर झाला. तो जिना चढून दारात चपला काढत होता तेव्हा आत मास्तरांनी समोर एका नव्या बाईला बोलावलं होतं. वळणापलीकडची बेकरीवाली. चाळिशीची, कणीक मळून मळून दंड घट्ट झालेले, पहिलाच दिवस. तिला कोपऱ्यात नेऊन सांगणारा माणूस दारात उभा होता, एक चप्पल हातात.

मास्तरांनी तिची बाही धरली आणि ओढली. ती उभी. मास्तर जरा हसले, पाय बदलला, पुन्हा ओढलं. ती उभीच, उलट तिनं पाय फाकवून आणखी घट्ट रोवले.   मास्तरांनी तिसऱ्यांदा सगळं अंग घालून फिरवायला घेतलं आणि त्यांचाच तोल गेला. सबंध जन्म इतरांना 'हनुवटी छातीला, हात पसरा' सांगणारा माणूस खाली जाताना पोरासारखा हात पुढे टेकवून गेला. आवाज मोठा झालाच नाही. काटकी मोडावी तेवढाच झाला.

खुब्याचं हाड मोडलं, मनगटही गेलं. जिन्यावरून खाली नेताना मास्तर ओठ चावत होते, आणि बेकरीवाली भिंतीला टेकून रडत म्हणत होती, "मी काय केलं? मला पडायचं असतं हे कोणी सांगितलंच नाही हो."

सीटवाल्यानं ते ऐकलं. मास्तरांमागे तो जिना उतरला.

दवाखान्यात ऑपरेशन झालं. बाहेरच्या बाकावर, त्याच्याच हातच्या गादीवर, शिष्यमंडळी गर्दी करून बसली. आणि तिथंच गोष्ट शिजली. कुणी म्हणालं, तिनं पाय मधे घातला. कुणी म्हणालं, बाई मुद्दाम मास्तरांना हरवायला आली होती. संध्याकाळपर्यंत ते सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं झालं. दुसऱ्या दिवशी दोघांनी बेकरीत जाऊन तिला सांगितलं की हॉलकडे फिरकू नकोस.  ज्यांनी विचारलं त्यांना सीटवाला म्हणाला, "मी चपला काढत होतो, मला नीट दिसलं नाही." त्याला सगळं दिसलं होतं.

मास्तर शुद्धीवर आले तेव्हा त्यांनी पहिल्यांदा त्यालाच हाक मारली. "तू दारात होतास. माझं काय चुकलं? हात बरोबर होता ना?"

सीटवाल्यानं चादरीची शिवण बोटानं चाचपली. "मॅट सरकली, मास्तर," तो म्हणाला. "फोम खचलाय. माझीच चूक."

म्हणजे खोटं बोलतानाही चूक स्वतःची म्हणाला, तेवढीच मनाला फुंकर. मास्तरांनी बऱ्या हातानं त्याच्या हातावर थोपटलं. "असू दे. बरा झालो की मॅट बदलू." हे थोपटणं त्याला कानाखाली बसल्यासारखं लागलं.

घरी गेल्यावर जेवण उतरेना. बायकोनं ताट सरकवलं तसं परत ओढलं आणि म्हणाली, "मॅट सरकली म्हणे. कव्हर मी शिवलंय तिचं. खाली रबर मी लावलंय. ती मॅट भूकंपात सरकायची नाही. काय लपवताय?" तो हात धुवायला उठला. मग ती बोलायची थांबली, आणि तिचं न बोलणं त्या घरात फार मोठं वाटायचं.

मास्तर घरी आले. त्यांची मुलगी दवाखान्यात रक्त तपासायचं काम करायची आणि बापाजवळच राहायची. हॉलमध्ये लहानाची मोठी झालेली, सीटवाल्याला दादा म्हणायची. एके दिवशी ती दुकानात आली, फोमच्या ढिगावर बसली आणि तिचा बांध फुटला.

"दादा, ते ऐकत नाहीत. वॉकर घेत नाहीत. काल जिना एकटे उतरले. मी ओरडले तर म्हणतात, मॅट सरकली म्हणून झालं, मला पडता येतं, मी जन्मभर पडलोय. तुमचं ऐकतात ते. तुम्ही सांगा ना."

ती गेल्यावर त्यानं दाभण हातात घेतलं आणि ठेवून दिलं. त्याच्या एका खोट्याच्या जोरावर मास्तर जिना उतरत होते. पुढच्या खेपेला खुब्यावर भागणार नव्हतं. एवढं उघड दिसत असूनही त्याचे पाय मास्तरांच्या घराकडे वळेनात. ते आधी बेकरीकडे वळले.

बेकरीवाली भट्टीतून पाव काढत होती. त्याला बघून तिचा चेहरा उतरला. "आता काय राहिलं, भाऊ? येत नाही मी तिकडे."

"ताई, मला एकच विचारायचंय. तुम्ही उभ्या का राहिलात?"

तिनं ट्रे खाली ठेवला. "त्यांचा हात कापत होता. मला वाटलं म्हाताऱ्या माणसाला चक्कर येतेय, माझा आधार घेतायत. म्हणून पाय रोवले. मला वाटलं, मी हलले तर ते पडतील." ती थांबली, डोळे पुसले, गालाला पीठ लागलं. "तरी पडलेच. हात सोडायलाच नको होता मी. झोप लागत नाही मला."

सीटवाला भट्टीसमोर उभा राहून नुसता घामानं भिजला. इतकी वर्षं तो हात त्याच्या बाहीवर कापत होता. त्यात त्याला मास्तरांची लाज दिसली, आपली लाज दिसली, टाळ्या दिसल्या. म्हातारा माणूस आधार घेतोय, हे काही दिसलं नाही. या बाईला पहिल्या दिवशी दिसलं, कारण तिला कुणी गॅरेजची गोष्ट सांगितली नव्हती.

"तुमची काही चूक नाही," तो म्हणाला. "माझी आहे. मी सांगतो सगळ्यांना."

"आधी त्यांना सांगा," ती म्हणाली.

तो दुपारीच गेला. मास्तर खिडकीपाशी खुर्चीत बसले होते, वॉकर कोपऱ्यात अंगरखा टांगायच्या कामी आलेला. सीटवाल्यानं खुर्चीसाठी नवी गादी आणली होती. ती देता देता बोलायचं असं त्यानं ठरवलं होतं, पण गादी दारातच ठेवली आणि उभ्या उभ्याच बोलला.

"मास्तर, मॅट सरकली नाही. बाईनं पाय घातला नाही. तुमच्यानं आता कोणी पडत नाही. आम्ही आपले पडतो. मीच पडायला लागलो, आणि मीच सगळ्यांना पडायला सांगितलं."

 मास्तरांनी विचारलं, "कधीपासून?"

"तुमचा उजवा हात कापायला लागला तेव्हापासून."

"ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं."

"धरल्यावर कळतं."

 सीटवाल्याला वाटलं होतं, मास्तर हसतील, मोठ्या मनानं म्हणतील की असू दे रे. एवढी वर्षं त्यांना डोक्यावर घेतल्याचा हा परिणाम. क्षमासुद्धा त्यानं गृहीत धरली होती. मास्तरांनी टेबलावरचा पेला उचलून भिंतीवर मारला.

"तुला माहितीय मला काय वाटत होतं?" आवाज चिरकला होता. "मला वाटत होतं, मला जमलं! ताकद गेली, हात गेला, तरी माणसं पडतायत. मी म्हटलं, आता कुठं मला ज्युदो कळला. जन्मभर लोक म्हणतात ना, जोर न लावता व्हायला पाहिजे, ते हेच. घरी येऊन मी एकटा हसायचो रे. पोरगी विचारायची, काय झालं बाबा. आणि तू..." 

सीटवाला खाली बसून काचा गोळा करायला लागला. डोळ्यांत पाणी आल्यामुळे त्याला काचा नीट दिसत नव्हत्या. अशी चोरी त्यानं कधी ऐकली नव्हती. म्हाताऱ्याच्या घरात शिरून त्यानं एक खोटा आनंद ठेवला होता आणि आज तोही परत काढून नेत होता.

"मलाही शंका आली होती," मास्तर म्हणाले, भिंतीकडे बघत. "एकदोनदा आली. आपल्या वर्गातला तो पेंटर केवढा आडदांड, आणि मी ओढायच्या आधी हवेत. विचारावंसं वाटलं. नाही विचारलं. गोड लागत होतं." मग त्याच्याकडे न बघता, "पण तू मला धरत होतास. तुला माहीत होतं. नीघ आता."

तो निघाला. हॉलवर गेला, शिष्यमंडळींना उभं करून सगळं सांगितलं, बेकरीवालीचं नाव मोकळं केलं. काहींनी मान खाली घातली, काही त्याच्यावरच धावून आले, पेंटर म्हणाला, "मास्तरांची बदनामी करतोस?" आणि दोन दिवस त्याच्याशी कोणी बोललं नाही. बायको मात्र बोलली. दिवसभर मशीन चालवून शेवटी म्हणाली, "जेवा आता. उशीर केलात, पण सांगितलंत." तेवढ्यानं काही पोट भरत नव्हतं. रोज दुकान उघडताना त्याला वाटायचं, आज निरोप येईल. आठवडे गेले, निरोप आला नाही. मुलगी एकदा येऊन सांगून गेली की बाबा वॉकर वापरतात, जिन्यावर तिचा हात धरतात, आणि फार बोलत नाहीत. हसत तर नाहीतच.

मग एका संध्याकाळी हॉलच्या जिन्यावर वॉकरची खटखट ऐकू आली. मास्तर एकेक पायरी करत वर येत होते. मुलगी एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला बेकरीवाली. तिला मास्तरांनी वाटेत बेकरीत शिरून आणलं होतं. हॉल उठून उभा राहिला, वाकला. मास्तर मॅटच्या कडेला थांबले आणि भिंतीवरच्या मोठ्या फोटोकडे त्यांनी बघितलं.

"यात कोण पडतंय?" त्यांनी विचारलं.

"मी," सीटवाला म्हणाला.

"आणि पाडतंय कोण?"

सीटवाला मॅटची शिवण बघायला लागला.

"जुना कुठाय?"

"दुकानात आहे, मास्तर. ठेवलाय."

"आण."

तो धावत गेला, रेक्झिनच्या गुंडाळ्या उचकून फोटो काढला, सदऱ्याच्या बाहीनं पुसत आणला. मास्तरांनी तो हातात घेऊन बघितला, आपले आढ्याकडे गेलेले पाय, उघडं तोंड. हसले नाहीत. तो त्यांनी बेकरीवालीच्या हातात दिला. "हे बघा. त्या दिवशी मला हे येत असतं तर तुम्हाला एवढा त्रास झाला नसता." मग सगळ्यांना म्हणाले, "मला पाडायचं बंद केलंत तेव्हा मला बरं वाटलं. तिथं माझं चुकलं. तुमचं काय चुकलं ते तुम्ही बघा." आणि सीटवाल्याला हाक मारली. "इकडे ये. धरतो तुला. पडू नकोस."

वॉकर बाजूला झाला. मास्तरांनी त्याची बाही धरली. तीच बोटं, तोच थरकाप. ओढलं. सीटवाल्याच्या टाचा आपोआप उचलायला लागल्या, इतक्या वर्षांची सवय अंगात मुरलेली. दात आवळून त्यानं त्या खाली दाबल्या. मास्तरांनी पुन्हा ओढलं, सगळं होतं नव्हतं ते लावून. तो उभा राहिला. पडणं त्याला कधी जड गेलं नव्हतं; हे उभं राहणं जिवावर आलं. मग मास्तरांचं वजन हळूहळू त्याच्या हातावर आलं, हलकं, कापसाच्या पोत्याएवढं, आणि त्यानं ते धरलं. हॉलमध्ये टाळी वाजली नाही.

"हं," मास्तर म्हणाले. "एवढंच आहे तर."

"मास्तर, मी..."

"रडू नकोस. मी अजून रागावलेला आहे." त्यांनी मॅटकडे बोट केलं. "एक जाड गादी घाल तिथं. डॉक्टरनं बसल्या जागेवरून पडायची परवानगी दिलीय. बसवा मला."

सीटवाल्यानं दुकानातली सगळ्यात मऊ गादी आणून अंथरली. दोघींनी धरून मास्तरांना तिच्यावर बसवलं. पट्टा नीट केला त्यांनी, हनुवटी छातीला लावली आणि मागे पडले. वाईट पडले. हात आपटायच्या आधी पाठ टेकली, मान हलली.  मास्तर पडल्या पडल्या आढ्याकडे बघत म्हणाले, "कसं झालं?"

छान, मास्तर. हे शब्द सीटवाल्याच्या जिभेवर तयारच होते, वर्षानुवर्षं वापरून गुळगुळीत झालेले. त्यानं समोर बघितलं. बेकरीवाली फोटो छातीशी धरून त्याच्याकडेच बघत होती.

"हात उशिरा आला," तो म्हणाला. "आणि मान सोडलीत."

मास्तरांच्या कपाळाला आठी पडली. राग स्पष्ट दिसत होता. त्यांनी त्याच्यासमोर हात केला, उठवायला. सीटवाल्यानं त्यांना उठवून बसवलं, मागे सरकला आणि गुडघ्यांवर बसला.

"पुन्हा," मास्तर म्हणाले.